सुगुणाबाईंचं भय

सुगुणाबाई भित्र्या होत्या. आता त्यांचा विषय निघाला की फॅक्टरीतली माणसं त्यांच्या हिमतीच्या गोष्टी सांगतात, म्हणून मी हे आधीच सांगून ठेवतो. त्या पालीला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, आवारातल्या दात पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही भ्यायच्या. फोन वाजला की त्यांचा हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. मॅनेजरांनी बोलावलं की केबिनच्या दाराशी उभ्या राहून त्या बाटलीतलं अर्धं पाणी संपवायच्या आणि मग दार ढकलायच्या. अंगानं बारीक, केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, छोटा गजरा, सुती साडीवर प्रयोगशाळेचा पांढरा कोट आणि पायांत कॅनव्हासचे बूट. साडीखालचे बूट पाहून नवी माणसं हसायची. "पळायचं झालं तर?" असं त्या अगदी मनापासून विचारायच्या.

आमची फॅक्टरी चेन्नईबाहेर, पूनामल्लीच्या बरीच पुढे, एका तळ्याच्या काठी. थंड पेयांची. आंब्याचं, लिंबाचं आणि एक नारिंगी रंगाचं, ज्यात नक्की कशाची चव होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी कराडहून आलेला, सव्वीस वर्षांचा, बाटल्या भरायच्या लाइनवर शिफ्टचा इनचार्ज. तमिळ येत नव्हतं. सुगुणाबाई सांडपाण्याच्या केमिस्ट. फॅक्टरीतलं सगळं वापरलेलं पाणी मागच्या बाजूला एका खोल खड्ड्यात, सम्पमध्ये, जमायचं, तिथून टाक्यांमध्ये जायचं, तिथे शुद्ध व्हायचं आणि मग तळ्याकडे सुटायचं. त्या सगळ्या भागाला आम्ही ईटीपी म्हणायचो. ईटीपीच्या शेजारची खोली बाईंची.

माझा तिथला दुसरा दिवस. आंब्याचं पेय संपून लिंबाचं सुरू करायचं होतं, म्हणून पाइपातलं उरलेलं दाट सरबत आम्ही जमिनीवर सोडलं आणि मी पाण्याचा होज घेऊन ते चरात ढकलत होतो. कोणीतरी मागे येऊन उभं राहिलं.

"हे उदक कोठे जातं, तुज ठाऊक आहे का?"

मी वळलो. चेन्नईत, बॉटलिंग लाइनच्या खडखडाटात, कोणीतरी माझ्याशी मराठी बोलत होतं, आणि तेही जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळे त्या पश्चिम मांबलमला येऊन राहिल्या होत्या. घरची मराठी तशीच राहिलेली, तिच्यावर तमिळचा हेल चढलेला.

"ड्रेनमध्ये," मी म्हणालो.

"मग तेथून?"

"ईटीपीला."

"ईटीपीत काय आहे?"

त्या माझ्याजवळ आल्या आणि, तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं मला तंबी म्हणत, गुपित सांगावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "तेथे जीव आहेत, तंबी. डोळ्यांस दिसत नाहीत एवढे बारीक. ते आपली घाण खातात, म्हणून पाणी शुद्ध होतं. थोडं थोडं घातलंस तर खातील. एकदम एवढं गोड घातलंस तर त्यांचा श्वास कोंडेल, ते मरतील. आणि ते मेल्यावर त्या काळोखात दुसरे जीव उठतात. त्यांचं मला भय आहे."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला होज काढून घेतला, नळ बंद केला आणि सिरप रूममधून एक स्वच्छ स्टीलची बादली आणून माझ्यापुढे ठेवली. "पाइपातलं यात धर. उद्या आंबा लागेल तेव्हा परत घाल. टाकायचं कशाला?"

मला राग आला होता. पण त्यांचा हात थरथरत होता, आणि थरथरणाऱ्या हातानं पुढे केलेली बादली नाकारणं मला जमलं नाही. पुढे लक्षात आलं, की सगळ्यांचं असंच व्हायचं.

त्यांची काम करायची पद्धत उलटी होती. बाकीच्या केमिस्टांना मी टाकीपाशीच बसलेलं पाहिलंय: पाणी आलं, तपासलं, औषध घातलं, पुन्हा तपासलं. सुगुणाबाई टाकीकडून निघायच्या आणि चर धरून मागे मागे चालत यायच्या. खिशात एक रिफ्रॅक्टोमीटर असायचा, बोटभर लांबीचं, दुर्बिणीसारखं नळकांडं. प्रत्येक वळणावर चरातला एक थेंब त्यावर घालायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे पाहायचं. थेंबात साखर किती ते त्यात दिसतं. साखर वाढली की त्या अंगावर काटा आल्यासारख्या शहारायच्या आणि ती जिथून आली तिथवर जायच्या. कधी ते टोक बाटली काठोकाठ भरून ओसंडू देणाऱ्या मशीनशी निघायचं, कधी साखरेच्या गोदामात, जिथे सांडलेली साखर झाडूनं गोळा करण्याऐवजी पाण्यानं वाहवून लावत.

"खाली आल्यावर मी काय करू?" त्या म्हणायच्या. "साखर पाण्यात पडायच्या आधी धरली तर ती साखर आहे. पडल्यावर ते विष आहे."

कुणावर ओरडायच्या नाहीत. नियमांचा कागद दाखवायच्या नाहीत. माणसापुढे जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मला भय वाटतं रे. एवढं करून दे की." गोदामातल्या माणसांनी केवळ त्यांची कटकट नको म्हणून झाडू घेतले. मशीन धुतल्यावर शेवटी निघणारं जवळजवळ स्वच्छ पाणी एका टाकीत साठवून पुढच्या धुण्याच्या सुरुवातीला वापरायचं, हेही त्यांनी असंच गळ्यात घातलं. वर्षभरात सम्पकडे जाणाऱ्या चरातलं पाणी एवढं निवळलं, की एका दुपारी तळ दिसला. मी तो त्यांना कौतुकानं दाखवला. त्यांनी पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. जणू फार पाहिलं तर पुन्हा गढूळ होईल.

त्यांच्या काही तऱ्हा मात्र आम्हाला निव्वळ वेडेपणाच्या वाटायच्या. सम्पशेजारी एका बांबूला त्यांनी जुन्या साडीची चिंधी बांधली होती, वारा कुठून येतो ते कळावं म्हणून. सम्पच्या झाकणाजवळ ज्याला जायचं त्यानं कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक लांबच्या लोखंडी कठड्याला. नुसतं झाकण उचलून डोकवायचं असलं तरी. आत उतरायला तर बंदीच. ईटीपीचा ऑपरेटर सेल्वम, तिशीचा, दोन मुलींचा बाप, हसत हसत तो पट्टा बांधायचा. "अम्मांसाठी," म्हणायचा.

आणि रोज सकाळी, प्रत्येकाला, एकच वाक्य: "वास येतो तोवर बोलत उभे राहा. वास गेला की पळा."

याचा अर्थ मी त्यांना एकदा जेवताना विचारला. त्यांनी माझ्या ताटात आंबट भाजी वाढली होती. तंजावरची आंबट भाजी माझ्या आईच्या आंबट चुक्याची बहीण लागते, एवढं मी म्हणत होतो आणि त्या हसत होत्या. माझ्या प्रश्नानं त्यांचं हसू गेलं.

"मी नवी होते, तुझ्यापेक्षा लहान," त्या म्हणाल्या. "दुसरी फॅक्टरी, दुसरं गाव. तेथेही असाच सम्प. सकाळपासून सडक्या अंड्याचा वास. मी मनात म्हटलं, कोणास सांगावं. पण नवी होते, सारे पुरुष, हसतील. दुपारी मी सम्पजवळ गेले तर वास नाही. मला वाटलं, गेला, बरं झालं. घरून आणलेला डबा उघडला." त्यांनी ताट बाजूला सारलं. "काळोखातले ते जीव जो वायू सोडतात, तो थोडा असतो तेव्हा नाकास कळतो. बहुत झाला की आधी नाकच मारतो, तंबी. वास गेला नव्हता. माझं नाक गेलं होतं. एक जण पंप पाहावयास उतरला. तो पडला म्हणून दुसरा त्यास काढावयास उतरला. दुसरा पडला म्हणून तिसरा."

"आणि?"

"तिघे." त्यांनी तीन बोटं दाखवली नाहीत, काही नाही. फक्त डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. ते नीट बसत नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्या चिंधीला हसलो नाही. पण भ्यायलाही शिकलो नाही. नाहीतर पुढचं घडलं नसतं.

तो उन्हाळा होता. बाजारातून तारीख उलटून परत आलेला आंब्याच्या पेयाचा माल गोदामामागे छतापर्यंत साठला होता. हा माल नाल्यात न सोडता, असल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या ठिकाणी पाठवावा, असं बाईंनी लिहून दिलं होतं. तो कागद कुठेतरी सहीसाठी पडून होता. पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून तपासणीला माणसं यायची होती. शनिवारी बाई बहिणीच्या मुलाच्या लग्नाला तंजावरला गेल्या, आणि त्याच सकाळी फॅक्टरी मॅनेजर चंद्रमौळींनी मला बोलावलं.

"नितीन, गोदामाची मागची बाजू दोन दिवसांत मोकळी पाहिजे. थोडं थोडं सोडा. ईटीपी सांभाळून घेईल."

"सुगुणा मॅडमना फोन करून विचारू का, सर?"

"ती घाबरेल," ते म्हणाले. "तू घाबरतोस का?"

मी नाही म्हणालो. खरं तर मी घाबरतच होतो, फक्त त्यांना. चंद्रमौळीही वाईट माणूस नव्हते. ते त्यांच्या वरच्यांना घाबरत होते. आमच्या फॅक्टरीत प्रत्येक जण कुणाला ना कुणाला भीत होता. त्या सम्पला भिणारी एकच बाई होती आणि ती त्या दिवशी गावात नव्हती.

दोन दिवस दहा माणसं सुऱ्यांनी बाटल्या कापत होती. चर पिवळाजर्द वाहत होता. माशा इतक्या, की तोंड उघडायची सोय नव्हती. बाटल्यांवरची लेबलं सुटून त्या पिवळ्या प्रवाहातून जात होती. सेल्वमची सुट्टी होती. त्याच्या जागी आलेल्या माणसाला मी सांगितलं, मॅनेजरांचा हुकूम आहे. रविवारी संध्याकाळी गोदाम रिकामं झालं आणि मी समाधानानं झोपलो.

सोमवारी सकाळी मी कंपनीच्या बसनं येत होतो. वडपळनीला सुगुणाबाई चढल्या. केसांत लग्नाचा मोठा गजरा अजून होता, पिशवीत सगळ्यांसाठी लग्नातला मैसूरपाक. बस गेटातून आत वळली आणि त्या बोलता बोलता थांबल्या. खिडकीतून सडक्या अंड्यांचा वास आत आला.

"दोन दिवस काय सोडलंत?"

"काही नाही, मॅडम."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग बस थांबायच्या आधीच त्या दाराशी गेल्या.

त्या पळाल्या. मी त्यांना आधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. साडी एका हातात धरलेली, दुसऱ्या हातात ती मैसूरपाकाची पिशवी, सोडायचंही भान नाही. मी त्यांच्या मागे. बॉयलर हाऊसला वळसा घालून सम्पची वाट जाते. वास दाट होत गेला, डोळे चुरचुरायला लागले, घशात काहीतरी खरखरलं. आणि मग, पुढच्या दहाएक पावलांत, तो थांबला. हवा एकदम स्वच्छ. मला खरंच हायसं वाटलं.

"गेला, मॅडम," मी म्हणालो. "वास गेला."

त्या वळल्या. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्या माझ्याकडे, मी आताच मेलेला असल्यासारख्या पाहत होत्या. त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला मागे खेचलं. एवढ्याशा बाईत एवढा जोर कुठून आला कळलं नाही. बांबूवरची चिंधी आमच्या दिशेनं फडफडत होती, म्हणजे सम्पवरून येणारा वारा आम्ही पीत होतो. टाकीला लांबून वळसा घालून आम्ही पलीकडच्या बाजूनं, वारा पाठीशी घेऊन आलो.

झाकण उघडं होतं. लेबलांनी पंपाची जाळी बंद झाली होती आणि देखभालीच्या कुणीतरी सेल्वमला ती मोकळी करायला सांगितलं होतं. कडेवर त्याचे हात दिसले. मग एक हात. मग नुसती कड.

दोन कंत्राटी कामगार तिथेच उभे होते. त्यांतला एक "सेल्वम!" असं ओरडत शिडीकडे धावला आणि त्यानं पाय आत टाकला.

"यारुम इरंगादींग!" सुगुणाबाई किंचाळल्या. कोणीही उतरू नका. तो थांबेना, तेव्हा त्यांनी हातातली पिशवी त्याच्या डोक्यात हाणली, पुन्हा हाणली, आणि तमिळमध्ये अशा शिव्या दिल्या की त्यातली एक मला आजही कुणाला विचारायची हिंमत झालेली नाही. तो माणूस धडपडून मागे पडला. मैसूरपाक सगळीकडे उडाला. "दोरी!" त्या आता माझ्याकडे वळून मराठीत ओरडत होत्या. "दोरी ओढ, तंबी, दोरी!"

दोरी होती. आत उतरायची बंदी मोडताना सेल्वमनं पट्टा मात्र बांधला होता. पुढे तो म्हणाला, अम्मा आज परत येणार, पट्टा नाही दिसला तर रडतील, म्हणून बांधला. लांबच्या कठड्याशी उभं राहून आम्ही चौघांनी ओढलं. मधे एकदा तो कुठेतरी अडकला, दोरी जागची हलेना, आणि बाई श्वासाखाली काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं स्तोत्र. ऐकलं तर त्या मोजत होत्या. तो आत किती वेळ आहे ते.

तो वर आला तेव्हा राखेच्या रंगाचा होता. त्याला आम्ही वाऱ्याच्या बाजूला फरफटत मोकळ्या जागेत नेलं. डोळे अर्धे उघडे, त्यांत काही नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्याच्या छातीतून लाकूड चिरल्यासारखा आवाज आला आणि तो खोकला. अँब्युलन्स येईपर्यंत तो खोकतच होता, आणि मी आयुष्यात कुठला आवाज एवढ्या आशेनं ऐकलेला नाही.

सुगुणाबाई मातीत बसल्या. कडक उन्हात त्यांचे दात वाजत होते. "झडप," त्या म्हणाल्या. कुठली झडप, मला कळेना. त्या उठल्या, बॉयलर हाऊसच्या भिंतीला धरत धरत पलीकडे गेल्या आणि तळ्याकडे पाणी सोडणारी झडप त्यांनी स्वतः फिरवून बंद केली. तळ्याच्या पायऱ्यांवर गावातल्या बायका कपडे धूत होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

पाणी सोडायला जागा नाही म्हटल्यावर फॅक्टरी बंद पडली. ऐन उन्हाळ्यात. दुसऱ्या दिवशी चंद्रमौळींनी बाईंना बोलावलं. त्या मला म्हणाल्या, "दारापर्यंत येतोस का?" दाराशी त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी प्यायलं. या वेळी अख्खी बाटली. मग मला बाहेर ठेवायचं विसरल्या की मुद्दाम विसरल्या, मी आत गेलो.

टेबलावर टाइप केलेला कागद होता. पाला अडकून पंप बंद पडला, ऑपरेटर परवानगी न घेता उतरला, पाण्याची तपासणी नेहमीसारखीच होती. खाली बाईंच्या सहीची जागा. बोलणं तमिळमध्ये झालं. तोवर मला तेवढं कळायला लागलं होतं.

"सही करा आणि झडप उघडा," चंद्रमौळी म्हणाले. "तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय, सुगुणा? शेवटी शेवटी उगीच डाग कशाला?"

बाई उभ्याच होत्या. टेबलाची कड धरलेली. "सर, मला तुमचं फार भय वाटतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडता तेव्हा मला रात्री जेवण जात नाही. हे खोटं नाही. पण त्या खड्ड्याचं मला तुमच्यापेक्षा जास्त भय वाटतं." त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. अक्षर इतकं थरथरत होतं की अर्ध्यात थांबून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. किती माल सुटला, सम्पमध्ये काय झालं, सेल्वमला कुणी पाठवलं, सगळं लिहिलं. माल कुणी सोडला त्या ओळीशी पेन थांबलं. त्यांनी "उत्पादन विभाग" एवढंच लिहिलं, सही केली आणि कागद टेबलावर ठेवला.

मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. पूनामल्ली आलं तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, माल मी सोडला."

"तुझ्या बुटांवर आंबा होता," त्या म्हणाल्या.

पोरूर मागे पडलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं होतं, त्या म्हणतील जाऊ दे, तुझी काय चूक. त्या तसं म्हणाल्या नाहीत. कधीच म्हणाल्या नाहीत. वडपळनीला उतरायच्या वेळी, उभ्या राहून पिशवी खांद्यावर घेत म्हणाल्या, "उद्या तूही लिहून दे. भय वाटेल. भय वाटत असतानाही लिहावयास येतं, तंबी. अक्षर तेवढं वाईट येतं."

मी लिहिलं. अक्षर खरंच वाईट आलं.

पुढे चौकशी झाली. चंद्रमौळींची बदली झाली. त्यांना आणखी काही झालं असेल तर आमच्यापर्यंत आलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली. सेल्वम दोन महिन्यांनी परत आला, पण ईटीपीवर नाही, स्टोअरमध्ये. जिना चढताना तो अजून मधे थांबतो. सम्पवर जाळीचं कुलपी झाकण आलं आणि पंप वरूनच उचलून काढता येईल असा बसवला गेला. परत आलेल्या मालाची एकही बाटली पुन्हा चरात गेली नाही. नव्या मॅनेजरांनी बाईंना विचारलं, अजून काय पाहिजे? त्यांनी प्रत्येक होजच्या तोंडाला दाबल्याशिवाय पाणी न सोडणारी पिस्तुलं मागितली, आणि लाइनच्या प्रत्येक वळणावर गळती धरायला ट्रे. मिळाले. दरवेळी काही मिळालं की त्या आणखीच धास्तावायच्या. "आता हे निर्धास्त होतील," म्हणायच्या.

त्या सकाळी त्यांनीही तो वायू घेतला होता, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. कित्येक आठवडे त्यांना वासच येत नव्हता. हे मात्र त्यांना सोसवेना. रोज सकाळी त्या दिसेल त्याला, वॉचमनला, कँटीनच्या बाईला, मला, सम्पच्या वाटेवर उभं करायच्या आणि विचारायच्या, "तुला येतो का? नीट बघ. काय येतो?" आम्ही नाक वर करून हुंगायचो आणि सांगायचो. त्या आमच्या तोंडाकडे बघत राहायच्या, आम्ही खरं बोलतोय का ते पाहत. मी एकदा त्यांच्याशी खोटं बोललो होतो. माझ्यानंतर त्या नेहमी आणखी एकाला विचारायच्या.

हळूहळू वास परत आला. सगळा नाही. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी भाषण करा म्हटलं तर त्या माइकला भ्याल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. कराडहून येणाऱ्या मावशीला आणायला मी एग्मोर स्टेशनवर गेलो होतो. दुपारची वेळ. गाडीला उशीर होता. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकावर त्या आणि त्यांचे यजमान रावकाका बसले होते, तंजावरच्या गाडीची वाट पाहत असावेत. मी हाक मारणार होतो. जवळ गेलो तर त्या झोपल्या होत्या. माणसांच्या त्या गदारोळात, यजमानांच्या खांद्यावर डोकं टेकून, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. शेजारून सामानाचा हातगाडा खडखडत गेला. लाउडस्पीकर कोकलला. त्या हलल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्या कपाळावरच्या त्या दोन आठ्या नसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या कुणीतरी दुसऱ्याच, तरुण बाई दिसत होत्या.

रावकाकांनी मला ओळखलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली, उठवू नकोस म्हणून.

मी मागे सरकलो. थोड्या अंतरावर खांबाला टेकून उभा राहिलो आणि त्यांची गाडी लागेपर्यंत तिथून हललो नाही. मला उगीचच वाटत होतं, त्या झोपल्या आहेत तेवढा वेळ कुणीतरी जागं असायला हवं.